स्थिर म्हणजे कशापुढे स्थिर?

बालाघाट शहराजवळच्या भरवेलीच्या खाणीतून वर येणारा काळा दगड हातात घेतला, तर याहून निवांत पदार्थ जगात नसेल असं वाटतं. त्यातलं मुख्य खनिज ब्राउनाइट, म्हणजे मँगनीज, ऑक्सिजन आणि थोडं सिलिकॉन. सौसर समूहाचे हे खडक शंभर कोटी वर्षांच्या घरात कधीतरी जमिनीच्या पोटात भाजून, दाबून निघाले आणि तेव्हापासून त्यांच्यात फारसं काही घडलेलं नाही. याच पट्ट्यात, थोडं दक्षिणेला भंडारा जिल्ह्यात, डोंगरी बुजुर्गची खाण आहे. तिथून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं. त्याच्या भुकटीची चिमूट औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकली, तर द्रव फसफसून वर येतो आणि पेला हाताला गरम लागतो. बाटलीत महिनोन्‌महिने गप्प बसलेले रेणू काही मिनिटांत पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातात. ती काळी भुकटी मात्र तळाशी तशीच राहते.

रेणू कशामुळे टिकतो आणि कशामुळे फुटतो, या प्रश्नाची उत्तरं रसायनशास्त्र दोनेकशे वर्षं शोधत आलं आहे. बरीचशी सापडली आहेत. तरी शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा एक चुकीची समजूत सोबत घेऊन जातो, की स्थिरपणा हा रेणूचा स्वतःचा गुण आहे, जसा सोन्याचा पिवळेपणा. प्रत्यक्षात ‘हा पदार्थ स्थिर आहे का?’ हा प्रश्न अर्धाच असतो. किती तापमानाला, कोणाच्या सोबतीत, किती काळ, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. बालाघाट जिल्हा आणि त्याच्या अवतीभवतीचा प्रदेश यासाठी इतका सोयीचा आहे, की आढावा इथूनच घ्यावासा वाटतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असं अनेक सुशिक्षितांनाही वाटतं. वर्तमानपत्रांतून ‘रेणूंच्या बंधांत दडलेली ऊर्जा’ असे शब्द सर्रास येतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, तर हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध दोनशेच्या आसपास तुटतो. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. जुने बंध कमकुवत आणि नवे भक्कम असले, की मधला फरक उष्णता होऊन बाहेर येतो. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होताना मोलमागे सुमारे ९८ किलोज्यूल सुटतात ते असे. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात पेरॉक्साइडने केव्हाच फुटून जायला हवं. तो का थांबतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेबही वेगळा आहे.

हे दोन हिशेब वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो. पहिला हिशेब कल कुठे आहे ते सांगतो. दुसरा, त्या दिशेने जायला किती वेळ लागेल ते. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हिरा ग्रॅफाइटपेक्षा अस्थिर आहे, मोलमागे जेमतेम तीन किलोज्यूलांनी. म्हणून कोणी अंगठी बदलून घ्यायला सराफाकडे धावत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातून दुसऱ्या बाजूच्या सखल गावी उतरायचं, पण मध्ये घाट आहे, असा हा प्रकार. पलीकडचं गाव कितीही खाली असो, घाट चढून जाण्याइतका दम हवा. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. स्वीडनच्या स्वान्टे अऱ्हेनियसने १८८९ मध्ये ती तापमानाशी जोडणारं सूत्र मांडलं आणि ते आजही चालतं. त्याचा एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाकी सारं तसंच राहिलं, तर नेहमीच्या तापमानाला हा चढ मोलमागे सुमारे ५.७ किलोज्यूलांनी कमी झाला की प्रक्रिया दहापट वेगाने होते. चढ थोडासा बदलतो आणि काळाचं गणित पार कोलमडतं.

आता पुन्हा मँगनीजकडे. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यातल्या मँगनीजच्या धंद्याची ती सुरुवात. तिच्याच वारशातून १९६२ मध्ये आजची मॉइल ही सरकारी कंपनी झाली. तिचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे, आणि भरवेलीची खाण आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींमध्ये गणली जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये देशातल्या मँगनीज साठ्यांवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यात या पट्ट्याला मोठी जागा आहे. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं आणि ते जगभर रुळलं. या काळ्या दगडाने विदर्भाला रसायनशास्त्राची शाळाही दिली. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ मध्ये सुरू झाली. दाते म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात. तो पैसा खाणीतून आला होता हे फारसं कोणी बोलत नाही.

मँगनीज आणि ऑक्सिजन यांची जोडी एकाच प्रमाणात जमते असं नाही. डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन सर्वांत जास्त. तो हवेत तापवला, की साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास थोडा ऑक्सिजन सोडून त्याचा सेस्क्विऑक्साइड होतो. नऊशेच्या पुढे आणखी थोडा ऑक्सिजन जातो आणि हॉसमनाइट उरतं. मोनॉक्साइडपर्यंत उतरवायला नुसती आच पुरत नाही, ऑक्सिजन ओढून घेणारा कोणीतरी लागतो. तापमान वाढलं की पदार्थ का फुटतात, याचं उत्तर इथे उघड दिसतं. घन पदार्थात जखडलेला ऑक्सिजन मोकळा होऊन वायू झाला, की त्याच्या रेणूंना हजार दिशांना पांगता येतं. ही पांगापांग, म्हणजे शास्त्राच्या भाषेत एन्ट्रॉपी, जितकी जास्त, तितकी उष्णता फुटण्याच्या बाजूने कौल देते. थंडीत बंधांचं वजन चालतं, भट्टीत पांगण्याचं.

भरवेली आणि डोंगरी बुजुर्ग यांच्यातला फरकही याच हिशेबात बसतो. उघड्यावर, पावसापाण्यात आणि हवेच्या ऑक्सिजनपुढे मँगनीजचा सर्वांत पक्का अवतार म्हणजे डायऑक्साइड. खोल जमिनीत, जिथे कधी काळी शेकडो अंश तापमान होतं आणि सिलिकाही हाताशी होती, तिथे ब्राउनाइट पक्कं ठरलं. या दोघांत श्रेष्ठ कोण असं विचारणं व्यर्थ आहे, कारण दोघांचे मुलूख वेगळे. त्या ब्राउनाइटला एवढ्या काळात घाई सुटलेली नाही ती केवळ घाट चढायला लागणारी आच त्याला मिळाली नाही म्हणून.

ती आच कारखान्यात मिळते. मॉइलने बालाघाटलाच फेरोमँगनीजची भट्टी घातली आहे. तिथे खनिज आणि कोक विजेच्या भट्टीत एकत्र येतात. लोखंडाच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन कार्बन सातशे अंशांच्या आसपास हिसकावून घेऊ शकतो. मँगनीज मोनॉक्साइडच्या बाबतीत त्यासाठी चौदाशेच्या घरात जावं लागतं. हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये काढलेल्या एका आलेखावर हे फरक रेघांनी दिसतात, आणि धातुकर्माच्या विद्यार्थ्याची त्यावर आजही परीक्षा घेतली जाते. मँगनीजची रेघ लोखंडाच्या रेघेच्या बरीच खाली, म्हणजे मँगनीजची ऑक्सिजनवरची पकड जास्त घट्ट. पोलादाच्या रसात फेरोमँगनीज टाकतात ते अंशतः याचसाठी. वितळलेल्या लोखंडात उरलेला ऑक्सिजन मँगनीज स्वतःकडे ओढून घेतं. भट्टीत ज्या पकडीशी झुंजायला एवढी वीज जाळली, ती पुढच्या कारखान्यात उपयोगाला येते.

इथपर्यंत घन पदार्थांच्या ढिगाची गोष्ट झाली. एकटा रेणू कसा फुटतो? या प्रश्नाने पहिल्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांना चांगलंच छळलं. नायट्रोजन पेंटॉक्साइडचा वायू नेहमीच्या तापमानाला पाच-सहा तासांत निम्मा होतो. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये त्याची मोजमापं प्रसिद्ध केली. वायू किती दाटीत आहे याचा वेगावर परिणाम दिसत नव्हता. मग रेणू एकमेकांवर आदळून फुटतात असं कसं म्हणायचं? टकरीच कारण असतील तर गर्दी वाढल्यावर वेग वाढायला हवा. फ्रान्सच्या ज्याँ पेरँ यांनी सुचवलं की भांड्याच्या भिंतींतून निघणारं अवरक्त प्रारण रेणूंना फोडत असावं. कल्पना देखणी होती आणि चूक होती. १९२१ च्या फॅराडे सोसायटीच्या चर्चेत फ्रेडरिक लिंडमन यांनी उत्तर दिलं. रेणू टकरीतून ऊर्जा कमावतो, पण लगेच फुटत नाही. ती ऊर्जा त्याच्या अंगात कुठे कुठे फिरत राहते. नेमक्या बंधावर ती गोळा होईपर्यंत तो थांबतो, आणि तोवर दुसरी टक्कर होऊन ऊर्जा निघूनही जाऊ शकते. वायू दाट असेल तर टकरी भरपूर, म्हणून वेग ठरतो तो या थांबण्यावर. दाब फार कमी केला की मात्र टकरींची वाट पाहावी लागते आणि वेग घसरतो. हे पुढे मोजून पाहिलं गेलं आणि लिंडमन बरोबर ठरले.

फुटण्याचा खुद्द क्षण पाहायला आणखी पासष्ट वर्षं गेली. कॅलिफोर्नियात अहमद झेवेल यांच्या गटाने १९८७ मध्ये आयोडीन सायनाइडचा बंध तुटताना लेसरच्या अतिलघु झोतांनी टिपला. लागलेला वेळ सुमारे २०० फेम्टोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाचे दोन-दशांश. त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. प्रत्यक्ष तुटणं इतक्या झटपट संपतं. जो काही वेळ लागतो तो सगळा वाट पाहण्यात जातो. ब्राउनाइटची शंभर कोटी वर्षं हीसुद्धा वाट पाहणंच आहे.

वाट पाहण्याचा काळ कमी करणारा जो पदार्थ स्वतः खर्ची पडत नाही, त्याला उत्प्रेरक म्हणतात. ही संकल्पना बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये मांडली. मँगनीज डायऑक्साइड हा त्यातला जुना आणि लोकप्रिय गडी. पेरॉक्साइडच्या रेणूने त्याच्या पृष्ठभागाला स्पर्श केला, की मँगनीजचे अणू इलेक्ट्रॉन घेतात आणि परत देतात, आणि रेणूला फुटण्यासाठी नवी वाट मिळते. घाट कमी उंच झाला असं म्हणायची पद्धत आहे, पण ती फसवी आहे. जुना घाट जिथल्या तिथेच असतो, फक्त तिकडून आता कोणी जात नाही. म्हणूनच पेरॉक्साइड बनवणारे कारखाने त्यात स्थिरीकारक म्हणून फॉस्फेट किंवा टिनची संयुगं घालतात. धातूच्या अंशांना पकडून ठेवणं हे त्यांचं काम. जखमेवर पेरॉक्साइड फेसाळतो तोही असाच, पण तिथे मँगनीज नाही. आपल्या पेशींतलं कॅटलेज हे लोहयुक्त विकर असतं, आणि त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू मोडतो.

हाच गुण प्रयोगशाळेबाहेर धोक्याचा ठरतो. पोटॅशियम क्लोरेट सुमारे साडेतीनशे अंशांना वितळतं आणि त्यातला ऑक्सिजन सुटायला चारशेच्या वर जावं लागतं. मँगनीज डायऑक्साइड मिसळलं, की हेच दोनशे-अडीचशेच्या आसपास घडू लागतं. शाळेत ऑक्सिजन तयार करण्याचा हा प्रयोग जुन्या पुस्तकांत असायचा. क्लोरेटला गंधकाची सोबत मिळाली तर बाब फार बिघडते. दमट हवेत गंधकावर आम्लाचा पातळ थर जमतो, आम्ल क्लोरेटला छेडतं, आणि मग घासणं किंवा आपटणंही पुरतं. भारताने क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणाच्या स्फोटकांवर १९९२ मध्ये बंदी घातली. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. जून २०१७ मध्ये बालाघाटजवळच्या खैरी गावात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि वीसहून अधिक माणसं गेली. अशा बातमीत नेहमी ‘ठिणगी पडली’ एवढंच येतं. ठिणगीइतकंच महत्त्व ठिणगीआधी तिथे काय काय एकमेकांशेजारी ठेवलं होतं याला असतं, आणि बातमीत ते क्वचितच सापडतं.

खाणींचं सगळं काम ज्यावर चालतं त्या अमोनियम नायट्रेटची कहाणी उलटी आहे. तो इतका मवाळ आहे की शेतकरी वर्षानुवर्षं खत म्हणून त्याची पोती हाताळत आले. हळूहळू तापवला तर १७० अंशांच्या आसपास वितळतो आणि पुढे लाफिंग गॅस आणि पाण्याची वाफ देत विघटित होतो. सुरुंगात जोरदार धक्का बसला की मात्र तो दुसऱ्या वाटेने जातो आणि नायट्रोजन, वाफ व थोडा ऑक्सिजन होतो. तो ९४५ किलोज्यूलचा तिहेरी बंध जुळतो, आणि स्फोटाची ताकद त्यातून येते. शंभरात सहा भाग डिझेल मिसळलं तर उरलेला ऑक्सिजनही कामी येतो. उघड्या खाणींत आता याच नायट्रेटच्या इमल्शन स्फोटकांचं चलन आहे. टँकरमधला लगदा वाहतुकीत बराच निरुपद्रवी असतो. भोकात ओतताना त्यात सोडियम नायट्राइटसारखं काही मिसळून वायूचे बारीक बुडबुडे तयार केले, की मगच तो धक्क्याला दाद देतो. म्हणजे रेणू तेच, बुडबुडे आल्यावर स्वभाव बदलतो. बैरुतच्या बंदरात मात्र पोत्यांतलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून होतं. ४ ऑगस्ट २०२० रोजी आगीत तापून त्याचा स्फोट झाला आणि दोनशेवर माणसं मेली. तोवर तो स्थिर होता, असं कोणी म्हटलं तर ते खोटं नाही, आणि उपयोगाचंही नाही.

जिल्ह्याच्या पूर्वेला मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत संगतीचा परिणाम जास्त संथ गतीने दिसतो. हिंदुस्थान कॉपरने १९८२ मध्ये ही उघडी खाण सुरू केली. इथला चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक यांचं सल्फाइड, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. हवेविना, खडकात बंद असताना त्याला धोका नव्हता. उकरून वर आणला, फोडून चुरा केला, की हवा आणि पाणी मिळून त्याच्या सल्फाइडचं सल्फेट करू लागतात आणि पाणी आम्लयुक्त होतं. सोबत पायराइट असेल तर हे आणखी वाढतं. गंमत अशी की नुसत्या हवेने हे फार हळू चाललं असतं. वेर्नर स्टुम आणि फिलिप सिंगर यांनी १९७० मध्ये दाखवलं की आम्लयुक्त पाण्यात लोहाचं ऑक्सिडीकरण हा सगळ्यात संथ टप्पा आहे, आणि लोह खाऊन जगणारे जिवाणू तो सुमारे दहा लाखपट वेगवान करतात. जगभरच्या सल्फाइड खाणींतल्या सांडपाण्यावर चुना टाकण्याची खटपट या जिवाणूंच्या कर्तृत्वामुळे चालते. खडकाच्या स्थिरपणाचा भंग करायला दगडफोड्याइतकाच हातभार एक सूक्ष्मजीव लावतो.

सगळंच खाणीतलं नको. बालाघाटच्या चिनोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना चिनोरचा वास सांगायला नको. सुवासिक तांदळांच्या वासामागचा प्रमुख रेणू म्हणजे २-ॲसिटिल-१-पायरोलिन. बासमतीसारख्या वाणांतून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ओळखला गेला. शुद्ध स्वरूपात बाटलीत ठेवला तर तो काही तासांत लालसर होतो आणि बिघडतो. वेगळा काढून विकणाऱ्यांना तो सांभाळणं ही डोकेदुखी आहे. तरी तांदळाच्या दाण्यात, स्टार्चच्या वेटोळ्यांत अडकून, तो महिने टिकतो. आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूंशी भेट होऊ न देणं, एवढीच स्टार्चची करामत. उष्ण गोदामात मात्र वास लवकर उडतो आणि थंड, हवाबंद साठवणीत जास्त राहतो.

मँगनीजचा शेवटचा मुलूख कान्हाच्या जंगलात आहे, म्हणजे मंडला आणि बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उद्यानातल्या सालाच्या पानांत, आणि खरं तर प्रत्येक हिरव्या पानात. पाण्याचा रेणू फार भक्कम. त्याचा एक हायड्रोजन तोडायला ४९७ किलोज्यूल लागतात. पान हे काम सूर्यप्रकाशात, नेहमीच्या तापमानाला करतं. त्यासाठी चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अणूंचा एक पुंजका वापरतं. पिअर जोलियो यांची १९६९ ची निरीक्षणं आणि पुढच्या वर्षी बेसेल कोक यांनी मांडलेला क्रम यांतून कळलं की प्रकाशाच्या चार झोतांत चार इलेक्ट्रॉन एकेक करून काढले जातात, आणि तेव्हा एक ऑक्सिजन रेणू बाहेर पडतो. त्या पुंजक्याची नेमकी रचना जपानी गटाने २०११ मध्ये स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रातून दाखवली. पाणी फोडणारं हे यंत्र स्वतः मात्र नाजूक आहे. ज्या प्रथिनात ते बसवलेलं आहे, ते डी-१ नावाचं प्रथिन प्रखर उन्हात अर्ध्या तासाच्या आसपास खराब होतं. झाड ते मोडून काढतं, नवं बनवून तिथे बसवतं आणि मँगनीज पुन्हा जोडून घेतं.